बैलाचा झॉम्बी होता होता

आमच्या अमरावतीच्या गेम कंपनीत माणसं मोजून चार, पण किस्से मावत नाहीत. जुना सांगून होत नाही, तोवर मालक नवा घडवतो! मालक म्हणजे गजूभाऊ, चांदूर बाजारकडच्या शेतकऱ्याचा पोरगा. "सध्या काय चालून राहिलं?" हा त्याचा गुरुमंत्र. आणि माधुरी आमची डिझायनर. तिनं जीव ओतून पोळ्याचा गेम बनवला. बैल धुवायचा, सजवायचा, तोरणाखाली न्यायचा, बस्स! मालक तो जगू देतो की नाही, हीच तिला धास्ती.

*

पहिल्याच दिवशी गजूभाऊ म्हणाला, "याच्यात मारामारी काहून नाई? सध्या तेच चालून राहिलं. शंभर बैल सोडा, शेवटी एकच उरला पायजे!"

"मंग वखराले कोणाले जुंपू? तुमाले?" माधुरी म्हणाली.

*

मग झॉम्बीची लाट आली. बैलाचे डोळे हिरवे झाले, तोंडाला फेस आला. डबा घेऊन आलेल्या गजूभाऊच्या आईनं स्क्रीन पाहिली नि ती ओरडलीच, "अरे, याले लाळ्या झाला! डॉक्टरले बलाव!"

झॉम्बी त्याच दिवशी रद्द.

*

पुढची फॅशन म्हणजे बैल थकवायचा. जाहिरात पाहिली की तो पुन्हा उठणार. माझ्या काकांना खेळायला दिलं. बैल बसला. काकांनी फोन बाजूला ठेवला नि स्वतःही आडवे झाले. हसू नका, खरं सांगतो!

"काका, जाहिरात पाहा ना!"

"बसू दे ना बे त्याले. थकला थो."

*

अकोल्याच्या एका पैसे लावणाऱ्या पार्टीला गेम दाखवायचा होता. पसंत पडेल तो अवतार बाजारात येणार, बाकीचं सारं डिलीट. गजूभाऊनं शर्यतीचा ताजा अवतार निवडला. लाल बटन दाबलं की चाबूक, चाबूक बसला की बैल सुसाट! बडनेऱ्याहून गाडीत बसल्यापासून माधुरी फोनवर आपल्या जुन्या गेममधला बैलच धूत होती. मला तिचं फार वाईट वाटत होतं. त्यात दिवस नेमका पोळ्याचा.

पार्टीचे साहेब म्हणाले, "हं, दाखवा पळवून."

स्क्रीनवर बैल उभा. शिंगांना बेगड, पाठीवर झूल. गजूभाऊचं बोट लाल बटनापाशी गेलं नि तिथंच थांबलं.

"दाबा ना! काहून थांबले?" साहेब म्हणाले.

गजूभाऊनं फोन खाली ठेवला.

"आज नाई जमत साहेब." मग मान खाली घालून हळूच म्हणाला, "माधुरी, तुहा बैल काढ."