रघुनाथरावांची पाकोळी

भोसरीच्या चौकात बस सिग्नलला थांबली आणि खिडकीतून मला रघुनाथरावांचा चेहरा दिसला. फ्लेक्सवर. कुठल्याशा लग्नातला फोटो कापून लावलेला, डोक्याला फेटा, नजर भलतीकडेच. खाली ठळक अक्षरांत ‘प्रगतशील शेतकरी’ असं लिहिलं होतं आणि त्याखाली दशक्रिया विधीची तारीख. ती आदल्या दिवशीची होती. मी पुढच्या स्टॉपला उतरले आणि चालत त्यांच्या घरी गेले. त्यांचा मुलगा मंगेश दारातच भेटला. चाकणच्या कंपनीत त्याची दुसरी शिफ्ट असते, तो निघायच्या तयारीत होता. मला कळवायचं राहून गेलं म्हणाला. मी विचारलं, त्यांनी बनवलेल्या गाड्यांचं काहीच कसं लिहिलं नाही? तो बूट घालता घालता म्हणाला, “काय लिहू काकू? रस्त्यावर एक तरी दिसते का?”

रघुनाथरावांनी शेती केली असेल ती विशीच्या आत. जमीन एमआयडीसीत गेली आणि ते आकुर्डीच्या एका कंपनीत पॅटर्न शॉपला लागले. ओतकामासाठी लाकडाचे नमुने करायचे, ते काम. मी त्याच कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. लातूरहून लग्न होऊन आलेली, ऑफिसात एकटीच बाई. माझ्या ड्रॉइंगमध्ये चूक असली तर इतर लोक ती साहेबांना दाखवायचे, रघुनाथराव मला दाखवायचे. ओळख तिथून सुरू झाली. पुढं कंपनीनं त्यांना शिकायला सहा महिने इंग्लंडला पाठवलं. तिथं ते काय शिकले ते मला माहीत नाही, कारण परत आल्यावर ते फक्त एका शेडबद्दल बोलायचे.

ते ज्यांच्या घरी राहायचे त्या घरमालकानं एका रविवारी त्यांना गावाबाहेर नेलं. तिथं एका शेडमध्ये एक म्हातारं जोडपं गाड्या विकायचं, पण सुट्या. नवरा फायबरची बॉडी आणि लोखंडी सांगाडा बनवायचा. गिऱ्हाईक सुट्या भागांची खोकी घेऊन घरी जायचं आणि आपल्या गंजलेल्या जुन्या गाडीचं इंजिन, चाकं, स्टिअरिंग काढून त्यात बसवायचं. कसं बसवायचं त्याची पुस्तिका बायको लिहायची. नवराबायको आणि दोन कामगार, एवढीच कंपनी. रघुनाथराव त्यानंतर प्रत्येक रविवारी तिथं गेले. पुढं त्या नवऱ्याची नजर गेली आणि शेड बंद पडली. म्हातारीनं पत्र पाठवलं... बॉडीचे साचे आवारात पडलेत, कुणी नेत नाही, तुम्ही न्याल का?

ते साचे जहाजानं आले तेव्हा रघुनाथरावांनी नोकरी सोडली. भोसरीत त्यांची एक शेड होती, तिथं साचे मांडले. त्यांच्या पत्नी सुमनवहिनी काचेच्या धाग्यांची मॅट कात्रीनं कापायच्या, रघुनाथराव साच्याला मेण लावून त्यावर रंग, मग मॅट, मग वाळून कडक होणारं चिकट रेझिन असे थर चढवायचे. पुढं दोन सीट, मागं जेमतेम एक पिशवी मावेल एवढी जागा, अशी ती बुटकी गाडी. नाव त्यांनीच ठेवलं, पाकोळी. मग एके दिवशी माझ्या घरी आले आणि सरळ कामाचं बोलले. “तिकडं बायको पुस्तक लिवायची. आमच्या हिला लिवता येत न्हाई. तुमी लिवा ताई.” मी दीड महिना सुट्टीच्या दिवशी त्या शेडमध्ये बसून पुस्तिका लिहिली, चित्रं काढली. आयुष्यात इतकं मन लावून मी दुसरं काही केलेलं नाही.

गाड्या फार गेल्या नाहीत. तीन-चार वर्षांत वीसेक. घेणारे आपल्यातलेच होते, कुणी मेकॅनिक, कुणी मास्तर, कुणी रिटायर झालेला फिटर. गाडी उभी राहिली की ते घरच्यांना मागच्या सीटशिवाय कसं बसवायचं या पेचात पडायचे, पण दाखवायला शेडवर यायचेच. त्या दिवशी सुमनवहिनी नारळ आणून ठेवायच्या. रघुनाथराव गाडीभोवती एक फेरी मारायचे, दार दोनदा लावून बघायचे आणि आत चहा सांगायला जायचे.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला जड जातं. या गाड्यांचं आरटीओत पासिंग व्हायचं ते जुन्या गाडीच्या कागदांवर. म्हणजे कागदोपत्री ती जुनीच गाडी, फक्त बदल केलेली. कधी पास व्हायची, कधी लटकायची. मला ते खटकायचं. मी म्हणायचे, आपण चोरी करतोय का? रीतसर मान्यता मागू. रघुनाथराव टाळत राहिले. ‘चाललंय ते चालू द्या’ एवढंच म्हणायचे. शेवटी मीच चार पानी अर्ज लिहिला, ड्रॉइंग जोडली, सगळं खरं खरं लिहिलं आणि त्यांच्यापुढं सहीला ठेवला. माझ्यावर विश्वास होता म्हणून त्यांनी सही केली.

उत्तर दोन महिन्यांनी आलं. ही नवीन गाडी आहे, जुनी नव्हे, असं त्यात म्हटलं होतं. मोठ्या कंपन्यांच्या गाड्यांना लागतात त्या सगळ्या चाचण्या लागतील, नमुन्याच्या गाड्या भिंतीवर आदळून बघाव्या लागतील. तोवर एकाही गाडीची नोंदणी होणार नाही. नियम चुकीचा नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. पाकोळी भिंतीवर आदळली असती तर आतला माणूस वाचला असता असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण ज्या शेडमध्ये वर्षाला पाच गाड्या होतात तिनं आदळायला गाड्या आणायच्या कुठून? ज्यांनी खोकी नेली होती त्यांच्या अर्धवट गाड्या होत्या तिथंच थांबल्या. रघुनाथराव त्या प्रत्येकाच्या घरी स्वतः गेले आणि सांगून आले. मी बरोबर येते म्हटलं, तर नको म्हणाले.

त्यानंतरची सगळी वर्षं त्यांनी त्याच शेडमध्ये कचरापेट्या बनवल्या. बागांमध्ये असतात त्या, आ वासलेल्या पेंग्विनच्या. मग घसरगुंड्या, मग टाक्यांची झाकणं. फायबर घासताना बारीक धूळ उडते, ती दिसत नाही. तोंडाला रुमाल बांधून ते घासत राहिले. खोकला लागला, वहिनी आधी गेल्या, खोकला राहिला. मंगेशला त्या धंद्यात यायचं नव्हतं आणि त्यांनीही कधी ये म्हटलं नाही.

जाण्याच्या महिनाभर आधी मी त्यांना भेटले होते. नाकात नळी, शेजारी ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं. मी बोलायचं ठरवूनच गेले होते. म्हटलं, रघुनाथराव, तो अर्ज मी लिहायला नको होता.

त्यांनी नाकातली नळी नीट केली. मग म्हणाले, “व्हय. नगंच व्हता लिवायला.” थोडं थांबून, दम घेऊन, “तुमच्या पोरीच्या लग्नाला आलो न्हाई, ते रागानं. ताप-बीप काय नव्हता मला.”

मी विचारलं, अजून राग आहे? ते म्हणाले, “आता रागाला बी दम लागतो, ताई.” मशीन घरघरत राहिलं. त्यांनी क्षमा केली की नाही मला कळलं नाही. आता कळणारही नाही.

गेल्या आठवड्यात थेरगावहून एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर माझा नंबर होता, तो त्यांनी लावला. त्यांच्याकडं अर्धवट पाकोळी होती, सोसायटीनं पार्किंग मोकळं करायला सांगितलं होतं. मी गेले तोवर भंगारवाला सांगाडा आणि इंजिन घेऊन गेला होता. फायबर त्यानं घेतलं नाही, ते कुणीच घेत नाही. ते वितळत नाही, कुजत नाही. पुढचं बॉनेट उलटं पडलं होतं, आतली खडबडीत बाजू वर. तिथं कोपऱ्यात रेझिनमध्ये बोटांचे ठसे होते. मॅट कोपऱ्यात नीट बसली नाही की रघुनाथराव हातमोजा काढून बोटांनी दाबायचे. तीन ठसे लांब, एक आखूड. तर्जनीचं पेर त्यांनी पॅटर्न शॉपमध्ये करवतीवर गमावलं होतं.

मी तिथंच बसले. मास्तरांनी विचारलं, “तुम्ही न्याल का हे?” आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. कुठं ठेवू? मी नाही म्हटलं. मग त्यांनी आणि वॉचमननं मिळून ते बॉनेट उचललं आणि कंपाउंडच्या भिंतीला टेकवून उभं केलं, ठशांची बाजू भिंतीकडं. महापालिकेची कचऱ्याची गाडी ते नेत नाही, मी विचारून घेतलं. म्हणजे ते अजून तिथंच असेल.