घराण्याचा आवाज

लिहायला बसलो आहे, पण लिहिणं हा माझा प्रांत नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात सहीच्या पुढं कुणी काही लिहिलेलं नाही. सही बाची. मायचा अंगठाच. कॉलेजच्या वार्षिकात लिहिणाऱ्या मुलांच्या घरी पुस्तकं असतात, ती छान लिहितात. माझी भाषा कुठं अडखळली तर वाचणाऱ्यांनी माफ करावं. भाषेसाठी माफी मागतो. बाकी कशासाठी नाही.

आडत बाजाराच्या मागची गल्ली. सकाळची वेळ. एका मोठ्या चादरीची चार टोकं चार मुलांनी धरलेली. त्यातलं एक टोक माझ्या हातात. दारापुढं थांबायचं, घरातून कुणीतरी ज्वारी आणून चादरीत ओतायची, आम्ही नमस्कार करून पुढच्या दाराला जायचं.

एका दारात एक बाई सुपात ज्वारी घेऊन आल्या. ओतायला वाकल्या आणि तशाच थांबल्या. माझ्याकडं बघितलं. मग आमच्या सरांकडं बघितलं. सूप छातीशी ओढून घेतलं.

सर म्हणाले, ‘ते सोड तू.’

मी सोडलं. टोक सुटलं तशी चादर लोंबली आणि त्या बाजूची ज्वारी माझ्या पायांवर आली. आडत्याच्या गिरीशनं पटकन टोक उचललं. त्याच्या हातात पत्र्याचा भोंगा होता, तो सरांनी मला दिला.

‘तू पुढं चाल आणि पुकारा कर. घराण्याचा आवाज आहे तुझा, वाया कशाला घालवायचा?’

सगळे हसले. त्या बाईही हसल्या आणि त्यांनी सूप रिकामं केलं. मीही हसलो. मला वाटलं, मला बढती मिळाली.

मी तेव्हा नववीत होतो. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या होत्या आणि विहिरींनी तळ गाठला होता. जिल्हा तर आला, आता पाणी कवा येतंय, असं म्हातारी माणसं पारावर बसून म्हणायची. आमचं गाव निलंगा आणि उदगीरच्या मधलं. तिथून मी एसटीनं, नाहीतर चालत, बाजाराच्या गावी हायस्कूलला जायचो. शाळेत सेवा मंडळ होतं. मंडळाची मुलं झाडं लावायची, स्टँडवर पाणपोई चालवायची, आजाऱ्यांना फळं वाटायची. छातीवर निळा बिल्ला. त्या वर्षी दुष्काळी गावांसाठी धान्य गोळा करायचं ठरलं. पाठांतरात माझा नंबर आला म्हणून सरांनी मलाही मंडळात घेतलं.

दुष्काळी गावांत माझंही गाव होतं. आमच्या घरात ज्वारी मापून शिजत होती. बा रोजगार हमीवर खडी फोडत होता. पण बिल्ला लावला की मी देणाऱ्यांतला व्हायचो. घेणाऱ्यांतला नाही. मला तेवढंच हवं होतं. ते मला किती हवं होतं, हे आज सांगता येणार नाही.

सर आमच्याच गावचे. त्यांची मोठी शेती गावात, भाऊ बघायचे. सर स्वतः शाळेजवळ राहायला गेलेले. त्यामुळं ते मला ‘आपल्या गावचा’ म्हणायचे तेव्हा बरं वाटायचं. भोंगा कसा धरायचा, कुठं दम घ्यायचा, सगळं त्यांनीच शिकवलं. सुरुवात ‘ऐका हो ऐका’नं करायची. चौकात पोचलं की आधी चारी दिशांना फिरून बघायचं, मग तोंड उघडायचं. मी माझ्या पदरच्याही ओळी घातल्या. दुकानदार नावानिशी ओळखायला लागले, नाव भोंगेवाला पडलं. फेरीत मी सगळ्यांत पुढं असायचो. मागं चादर. चादरीला पुन्हा मी हात लावला नाही, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

बाजाराच्या दिवशी बा मीठ-मिरची घ्यायला आला होता. मी चौकात उभा राहून चारी दिशांना फिरलो तेव्हा मला तो दिसला. डोक्यावर टॉवेल, हातात पिशवी. मी आणखी जोरात ओरडलो. बाला दिसावं म्हणून. बा वळला आणि काही न घेता निघून गेला.

घरी गेलो तर तो उंबऱ्यावर बसलेला. मला वाटलं, शाबासकी देईल.

‘कुणी शिकिवलं?’

मी सरांचं नाव सांगितलं.

‘घराण्याचा आवाज हाय म्हनले आसतील.’

मी म्हणालो, हाव, असंच म्हणाले. तुला कसं कळलं?

मग बानं सांगितलं. मी पंधरा वर्षांचा होईपर्यंत जे कुणी मला सांगितलं नव्हतं, ते सांगितलं. गावात दवंडी द्यायचं काम आमच्या घराकडं होतं. आजा काठी घेऊन गावभर फिरायचा. चौकात थांबून चारी दिशांना फिरायचा, मग पुकारायचा. कुणाचं ढोर हरवलं, कुठला साहेब येतोय, सारा कधी भरायचा. त्या बदल्यात खळ्यावरचं खाली सांडलेलं धान्य. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आल्यावर आज्यानं काठी गावच्या पाटलाच्या, म्हणजे सरांच्या वडलांच्या, ओसरीवर नेऊन ठेवली आणि सांगितलं, आजपासून हे काम आमचं नाही. गावानं धान्य बंद केलं. मजुरी बंद केली. बा तेव्हा लहान होता. त्याच्या पाठचा एक भाऊ होता, तो त्या उन्हाळ्यात गेला. कशानं गेला, ते बा बोलला नाही.

घरानं ते काम असं टाकलं की त्याचं नावही पुन्हा काढलं नाही. पोरांच्या कानावरच जायला नको, म्हणजे संपलं, असं सगळ्यांना वाटलं. म्हणून मला माहीत नव्हतं. सरांना माहीत होतं. ते लहानपणी त्याच ओसरीवर बसून आज्याचं ऐकायचे. मला त्यांनी शिकवलं ते त्यांच्या डोक्यातून आलेलं नव्हतं. माझ्या आज्याचं होतं. त्यानं फेकून दिलेलं त्यांनी जपून ठेवलं होतं, आणि नातवाच्या हातात परत दिलं.

बा एवढंच म्हणाला, ‘तुला बोलून काय करू? तुला म्हाईत न्हवतं. त्येंला म्हाईत होतं.’

मी शूर नव्हतो. दुसऱ्या दिवशी बिल्ला लावूनच शाळेत गेलो. सरांपुढं उभा राहिलो. म्हणालो, सर, पुकारा दुसऱ्या कुणाला द्या. मला चादरीचं टोक धरू द्या.

सर हसले. ‘अरे, सेवेत काम लहान-मोठं नसतं.’

गिरीश बाजूला उभा होता. ‘ह्यानं टोक धरलं तर चादर रोज धुवावी लागंल, सर. पाणी कुठंय?’

मी सरांच्या तोंडाकडं बघत होतो. ते आता गिरीशला काहीतरी बोलतील. एक शब्द. नुसतं ‘ए’ म्हटलं असतं तरी मी ते जन्मभर सांभाळलं असतं. सर अजून हसतच होते. मघाशी माझ्याकडं बघून, आता गिरीशकडं बघून.

त्याच आठवड्यात वाटप होतं. आमच्याच गावात. ट्रकमधून पोती आली, गिरीशचे वडील आले, मंडळाची सगळी मुलं इस्त्रीचे कपडे घालून आली. चावडीपुढं टेबल लावलं. सरांनी मला बाजूला घेतलं आणि काय पुकारायचं ते सांगितलं. गावातल्या लोकांनी चावडीपुढं यावं. बौद्धवाड्यातल्यांनी गावातल्या शाळेच्या मागं थांबावं, गावाचं झाल्यावर त्यांचं होईल.

पारावर म्हातारे बसले होते. त्यांच्यातला एकजण माझ्या हातातला भोंगा बघून म्हणाला, ‘आला का नातू? बग की कसा दिसायलाय. शेम टू शेम म्हाताराच.’

तो कौतुकानं म्हणाला. हेच तर आहे. सगळे कौतुकानंच बोलत होते.

बा खडीवर होता. पण माय शाळेच्या भिंतीजवळ येऊन थांबली होती, वाड्यातल्या बायांबरोबर. तिच्या हातात धुऊन घडी केलेली पिशवी होती.

मी भोंगा तोंडाला लावला. परत खाली घेतला. मग भोंग्याशिवायच बोललो, आणि ते जेमतेम टेबलापर्यंत पोचलं असेल.

‘सर, एक रांग लावा. मग बोलवतो सगळ्यांला.’

सर म्हणाले, ‘वेळ नाही.’

‘मग मी दवंडी देणार नाही.’

दवंडी हा शब्द मंडळात आजवर कुणी काढला नव्हता. पुकारा म्हणायचे. तो मी काढला आणि पारावरची माणसं माझ्याकडं बघायला लागली. सरांचा चेहरा बदलला नाही. आवाजही चढला नाही. ते माझ्या कानाशी वाकले.

‘ठीक आहे. वाड्याचं वाटप होणार नाही. का नाही, ते तुझ्या लोकांना तूच सांग.’

मग त्यांनी माझ्या छातीवरचा बिल्ला काढला. दोन बोटांच्या टोकांनी, सदऱ्याला हात लागू न देता. चांगलंच अवघड असतं ते. त्यांना सवय असावी. भोंगा मी खाली, धुळीत ठेवला. हातात दिला नाही.

गावाचं वाटप झालं. उरलेली पोती ट्रकमध्ये परत चढली. ट्रक शाळेच्या मागून गेला तेव्हा बाया रिकाम्या पिशव्या घेऊन उभ्या होत्या.

वाड्यात मला कुणी खांद्यावर घेतलं नाही. गयामावशी, मायची सख्खी बहीण, दारात येऊन ओरडली. तिचा नवरा पुण्याकडं कामाला जाऊन परत आला नव्हता, घरात लेकरं होती. ‘लई इज्जतवाला झाला! निस्तं वरडायचं होतं तुला. जीभ झिजली असती का? माजी लेकरं आता तुजी इज्जत खातील का रं?’

मायनं गाडग्यातली ज्वारी काढली, निम्मी मावशीच्या पदरात घातली. मावशीनं घेतली आणि शिव्या देतच गेली. बा कामावरून आला. सगळं ऐकलं. हात-पाय धुतले, माझ्या शेजारी येऊन बसला. त्या दिवशी आम्ही दोघं जेवलो नाही. ठरवून नाही. पुरलंच नाही.

मंडळातून माझं नाव गेलं. शाळा सोडली नाही. त्याच वर्गात, त्याच सरांपुढं दहावी झालो. आता नांदेडला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. इथं कुणी विचारतं, एवढा अभ्यास कशासाठी करतोस? मी म्हणतो, नोकरीसाठी. ते खोटं आहे. मला सूड हवा आहे. हे लिहायला मी लाजत नाही. सरांना मारावं, असं मला वाटत नाही. मारलेलं लोक विसरतात. सरांनी आमच्या गावच्या चौकात उभं राहावं आणि काय केलं, ते स्वतःच्या तोंडानं सांगावं. बायांच्या रिकाम्या पिशव्यांचं सांगावं. माझ्या आज्याचं सांगावं. मी समोर बसून ऐकेन, आणि शेवटपर्यंत त्यांना बसा म्हणणार नाही.

इथवर लिहून मी थांबलो होतो. काल मिलिंद आला. मिलिंद म्हणजे गयामावशीचा मोठा पोरगा, आयटीआयचा फॉर्म भरायला नांदेडला आला. हॉस्टेलवर माझ्या खोलीत जेवला आणि जेवण झाल्यावर खाली बघत म्हणाला, ‘दादा, एक सांगायचं हाय. पर आईला कायी बोलू नको.’

सरांना पुरस्कार मिळाला आहे. जिल्ह्याचा. दुष्काळातल्या सेवेबद्दल. मानपत्र छापून झालंय, त्यात आमच्या गावाचं नाव आहे. गाव आणि वाडा एका रांगेत उभे करून सरांनी धान्य वाटलं, असं लिहिलंय. रविवारी सरांच्या शाळेत सत्कार आहे. वाड्याच्या वतीनं कुणीतरी हार घालावा म्हणून सर स्वतः आले होते. आधी बाच्याकडं गेले. बा म्हणाला, मला काम आहे, आणि आत गेला. मग सर मावशीकडं गेले. घरकुलाच्या यादीत तिचं नाव घालायला सांगतो म्हणाले. मावशीनं हो म्हटलं.

कुणाच्या घरावर छप्पर नाही, हे सरांना बरोबर माहीत असतं. आज्याचं माहीत होतं, तसंच.

मावशीला मी काही बोलणार नाही. तिनं हार घालावा. मी शनिवारच्या गाडीनं निघतोय. समोरच्या रांगेत बसणार आहे. मानपत्र पूर्ण वाचून होऊ देणार आहे, मधे बोलणार नाही. सगळ्यांनी ते नीट ऐकायला पाहिजे. टाळ्या थांबल्या की उठेन, आणि सरांना विचारेन, रांग कुठं लागली होती?