पूर्ण नावाची सही

आमच्या सरांचं अक्षर म्हणजे कोंबडीनं शाईत पाय बुडवून कागदावर मारलेली फेरी. "सरांनी नेमकं काय लिहिलंय?" असा औषधवाल्याचा एक दिवसाआड फोन यायचाच. पण एका कागदावर मात्र ते चष्मा चढवून स्वतःचं पूर्ण नाव लिहायचे. नाव, वडिलांचं नाव, आडनाव; शाळेच्या वहीवर लिहितात तसं, एकेक अक्षर सुटं. ज्याच्यावर आता उपाय उरला नाही अशा पेशंटला घरी पाठवण्याचा तो कागद असे.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. कोपरखैरण्यात दुकानांच्या वर सरांचं पंधरा खाटांचं नर्सिंग होम होतं आणि मी नुकतीच बीएएमएस होऊन तिथं लागले होते. सगळीकडे असतो तसा छापील फॉर्म आमच्याकडेही होता: 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, माझ्या जबाबदारीवर रुग्णास घरी नेत आहे.' खाली नातेवाइकाची सही. म्हणजे घरी न्या असं सांगायचं डॉक्टरनं आणि सल्ला मोडल्याचं लिहून द्यायचं घरच्यांनी. सरांना याची भयंकर चीड होती. "सल्ला आपला आणि पाप त्यांच्या माथी? छान आहे!" असं म्हणत ते छापील ओळ खोडायचे, खाली 'माझ्या सल्ल्याने घरी नेत आहेत' असं लिहायचे आणि पूर्ण नावाची सही करायचे. त्यांचे वकील मित्र कपाळाला हात लावत. "अरे, एक दिवस कोर्टात उभं राहावं लागेल." सर म्हणत, "राहीन की. बसून बसून कंबर धरते माझी."

हा निर्णय ते घाईनं कधीच घेत नसत. पेशंट अत्यवस्थ झाला की बाहेर दहा-बारा माणसं जमत आणि त्यातला एखादा भाचा सगळ्यांच्या वतीनं मोठमोठ्यानं बोलत असे. सर त्याचं ऐकून घेत आणि विचारत, "यांना घास कोण भरवतं?" मग मागून एखादी सून पुढे यायची. तिच्याशी ते तासभर बोलत. म्हातारा काय म्हणाला होता, कशाला कंटाळला होता, सगळं विचारत. 'आता काय करायचं?' हे मात्र विचारत नसत. "बाई," ते मला म्हणत, "त्याचं उत्तर माणसाला जन्मभर उशाशी घेऊन झोपावं लागतं. सांगायचं आपण. पटलं नाही तर नाही म्हणतील."

मुलीच्या लग्नासाठी सर सांगलीला गेले तेव्हा बोनकोड्याचे एक आजोबा आमच्याकडे होते. ऐंशीच्या पुढचे, उमेदीची वर्षं मिठागरात गेलेले. दोन्ही फुप्फुसं निकामी झाली होती. आपल्या उंबऱ्याच्या आत जीव जावा एवढंच त्यांचं मागणं होतं. सर जाताना म्हणाले, "मंगळवारपर्यंत असंच राहिलं तर घरी न्या म्हणून सांगा. आणि सही तुम्ही करा."

मंगळवारी सकाळी मी त्यांच्या मुलाला, नामदेवला, सांगितलं. तो पन्नाशीचा, महाप्याच्या एका कंपनीत फिटर. बापाला घास तोच भरवायचा. "तुमी बोलाल तसा," तो म्हणाला. मी पेन उघडलं आणि मला ते वकील आठवले. मी घाबरले. सरळ छापील फॉर्म त्याच्यापुढे सरकवला. ओळीखाली बोट धरून त्यानं तो वाचला.

"मॅडम, सल्ल्याविरुद्ध म्हंजे? तुमीच बोललाव ना, घरी न्या म्हनून?"

"ते तसं छापलेलंच असतं हो. फॉर्मॅलिटी."

त्यानं सही केली. आजोबांना घरी नेलं आणि दुपारी त्यांनी आपल्या उंबऱ्याच्या आतच प्राण सोडला.

सरांनी परत आल्यावर फाइल पाहिली. "भीती वाटली?"

"हो, सर."

"मलाही वाटते. पूर्ण नाव उगीच नाही लिहीत. मागाहून पळता येऊ नये म्हणून लिहितो."

त्याच दिवशी त्यांनी स्वतःच्या सहीचा कागद तयार केला आणि मला घेऊन बोनकोड्याला गेले. तोवर उशीर झाला होता. नावड्याला राहणाऱ्या थोरल्या भावानं त्या फॉर्मची प्रत अख्ख्या भावकीला दाखवली होती. सरांनी ओट्यावर बसून नवा कागद सगळ्यांना वाचून दाखवला. थोरला म्हणाला, "आता लिवून काय, डाक्टर? डाक्टर नको बोलत व्हता, यानंच बापाला उचलून आनला. त्या कागदावर लिवलंय." नामदेव खाली मान घालून बसला होता.

दोन वर्षांनी सर सकाळी दाढी करता करता गेले. कुणाला काही ठरवावं लागलं नाही. मी जवळच माझा दवाखाना टाकला. नामदेव बीपी दाखवायला यायचा आणि उठताना दर वेळी विचारायचा, "मॅडम, तुमीच बोललाव ना?" मी म्हणायचे, "हो, मीच." "मंग बरा," म्हणून तो जायचा आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच विचारायचा. त्याची पाठ वळली की मला स्वतःची लाज वाटायची.

मग आणखी चार वर्षांनी नामदेवलाच कॅन्सर झाला. एका मोठ्या हॉस्पिटलातून त्याचा मुलगा माझ्याकडे आला. "डॉक्टर घरी न्या बोलतात आनि बाबा ऐकत नाय. तुमी सांगा." मी गेले. नामदेव चादरीत हरवला होता.

"घर नको का रे, नामदेव?"

"पायजे ना. पन पोराला सही करायला लागंल. माजी सही मला पुरली, मॅडम. मी हितंच बरा हाय."

मी काउंटरवरून फॉर्म घेतला, छापील ओळ खोडली, 'माझ्या सल्ल्याने' लिहिलं आणि माझं पूर्ण नाव घातलं. तिथला तरुण डॉक्टर अदबीनं म्हणाला, "मॅडम, तुम्ही इथल्या डॉक्टर नाही. तुमची सही कशी चालेल?" त्याचं काही चुकलं नव्हतं. मी नामदेवच्या खाटेशी परत गेले, पुष्कळ विनवण्या केल्या. तो नुसता मान हलवत राहिला.

चौथ्या दिवशी नामदेव तिथंच गेला, उंबऱ्यापासून लांब. तो कागद अजून माझ्याकडे आहे. त्यावर माझं नाव आहे, वडिलांच्या नावासकट, एकेक अक्षर सुटं. फक्त सहा वर्षं उशिरा लिहिलेलं.