चित्रकलेचा तास मी गणिताला देणार नाही

आमची शाळा नरडाण्याजवळच्या खेड्यात. आज एक आबा तावातावाने आले. "बाई, चित्रं काढीसन पोट भरस का? त्या तासले गणित शिकाडा!"

म्हटलं, "आबा, आधी मागे बसून बघा तरी."

त्यांची नात दुसरीत. वर्गात कधी तोंड उघडत नाही. आज मात्र चित्र उंच धरून म्हणाली, "ही आमनी गाय शे. तिनं डावं शिंग मोडेल शे."

"डावं नही, उजवं!" आबा मागून ओरडले.

"नही आबा, डावंच!"

सगळा वर्ग बघत राहिला. जाताना आबा पुटपुटले, "डावंच शे, बाई."

गणित मी शिकवीनच, पण गणिताच्याच तासाला. तुमच्या शाळेत कुठला तास सगळ्यात आधी पळवला जायचा?