मॅनेजरनं आत बघितलं

हॉटेलच्या तळघरातल्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करणाऱ्या बाईला सगळे तोफमावशी म्हणत. तेही तोंडावर. पाठीमागे म्हटलेलं तिच्या कानावर गेलं, तर खैर नव्हती. नवरा लवकर गेला, तेव्हापासून सव्वीस वर्षं तिनं परक्यांच्या चादरी सरळ केल्या. माणसं सरळ करायची ती फावल्या वेळात.

तिच्या इस्त्रीच्या मशीनचा वाफेचा पाइप गळायला लागला. आठवड्याला एक चटका ठरलेला. मॅनेजर रोज खाली यायचा, नाकाला रुमाल लावायचा आणि म्हणायचा, "मावशी, आय विल लुक इन्टू इट." असं तो पाच महिने म्हणाला.

लेक शाळेत इंग्रजी शिकवायची. कोपराला मलम चोळता चोळता मावशीनं तिला विचारलं, "लुक म्हणजे बघणं ना गं?"

"हो."

"आणि इन्टू?"

"आत. पण आई, दोन्ही जोडून आले की अर्थ बदलतो. लुक इन्टू म्हणजे चौकशी करणं, प्रकरणात लक्ष घालणं. खरंच आत डोकवायचं नसतं."

"लक्ष? मेल्यानं पाच महिन्यांत बोटसुद्धा घातलं नाही! तुझा अर्थ त्याला झेपत नाही. मी सोपा शिकवते."

दुसऱ्या दिवशी तिनं मशीनच्या बाजूचं झाकण उघडून ठेवलं. मॅनेजर आला. "मावशी, आय विल..."

"या साहेब. हे लुक," तिनं मशीनकडे बोट केलं. "आता वाका. हे इन्टू."

सगळे बघत होते, म्हणून बिचारा वाकला. फुस्स! चष्मा पांढराफटक झाला आणि टकलावर निगुतीनं आडवे चिकटवलेले केस ताडकन उभे राहिले. घड्या घालणाऱ्या बाईनं हसू दाबायला उशीचा अभ्राच तोंडात कोंबला.

मॅनेजरनं चष्मा पुसला. मावशीनं बाह्या वर केल्या. त्यानं डाग मोजले. वीस भरले.

"मला वाटलं, थोडंसं गळतंय," तो हळूच म्हणाला.

दुपारी मेकॅनिक नवा पाइप घेऊन हजर. मावशी मात्र दिवसभर धास्तावलेली. नोकरी गेली तर लेकीला काय तोंड दाखवायचं? संध्याकाळी चिठ्ठी आली. लेकीनं वाचून दाखवली, "परवानगीशिवाय मशीन उघडल्याबद्दल सक्त ताकीद."

"एवढंच?" मावशीनं सुस्कारा सोडला.

सकाळी तिनं चिठ्ठीवर ठसठशीत सही केली आणि कोपर बरं होईपर्यंत आठ दिवसांची पगारी रजा मागितली. मॅनेजरनं मान वर न करता दिली.