मागावरची चिठ्ठी

रविवारी आमच्या गल्लीत वस्त्रवारशाची खजिनाशोध स्पर्धा झाली. एकसारखे टी-शर्ट घातलेली माणसं चिठ्ठ्या वाचत दारोदार धावत होती. शेवटची चिठ्ठी संयोजकांनी शेजारच्या सुमनवहिनींच्या हातमागावर, ताणलेल्या रेशमी धाग्यांना चक्क चिकटपट्टीने डकवली होती.

वहिनी रोज मागाला हात जोडतात, अनवाणी पाय खालच्या खड्ड्यात सोडतात आणि मगच विणायला बसतात. त्या खड्ड्यात एकजण बुटांसकट उतरला आणि फोटोसाठी दात काढून हसला. “काकू, जरा बाजूला होता का?” असं म्हणत त्याच्या मैत्रिणीने वहिनींना त्यांच्याच घराच्या दारात, माझ्या शेजारी आणून उभं केलं. मग तिने चिठ्ठी ओरबाडली. चिठ्ठीबरोबर धागेही तुटले. तिकडे कुणी बघितलंसुद्धा नाही, सगळे टाळ्या पिटत होते.

मला शिसारी आली. एखाद्या गोष्टीला वारसा म्हटलं, की ती करणारं माणूस मेलेलंच आहे असं धरून चालतात हे लोक.

गर्दी पांगल्यावर वहिनींनी खड्ड्यातली बुटांची माती पुसली आणि तुटलेली टोकं जोडायला घेतली. मान वर न करताच त्यांनी विचारलं, “भावजी, त्यांचं हरवलं काय होतं?”