उजनीच्या गाळातला बाप्तिस्मा

माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी मला दोर लावून बाहेर काढावं लागलं. त्या वर्षी दुष्काळ होता हे खरं, पण दोष दुष्काळाचा नव्हता.

मी पाळक आहे. मिशनने मला नगरहून कळंबजवळच्या एका गावात पाठवलं, त्याला बरीच वर्षं झाली. मंडळी लहान, सगळी मिळून सात घरं. (त्यातलं एक आमचंच.) चर्चमागे बाप्तिस्म्यासाठी सिमेंटचा हौद आहे. त्या उन्हाळ्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, कालवा कोरडा पडला होता आणि नदीच्या पात्रात क्रिकेटचे सामने चालले होते. अशात माझी मुलगी रूथ नर्सिंग शिकायला पुण्याला निघाली. जाण्याआधी बाप्तिस्मा घ्यायचा, हे तिचं तिनेच ठरवलं. मला इतका आनंद झाला की भर उपासनेत मी जाहीर करून टाकलं, "येत्या रविवारी बाप्तिस्मा होणार. पाणी देव देईल."

आणि देवाने दिलं. गुरुवारी टँकर आला, हौद काठोकाठ भरला. फक्त तो माझ्या बायकोने, सुनंदाने, अख्ख्या गल्लीच्या पिण्यासाठी भरून घेतला होता.

"हौदाला हात लावायचा नाही," ती म्हणाली.

"अगं, एकदा बुडवायचं आणि वर काढायचं. पाणी कुठं पळून जातंय?"

"तुम्ही दोघांनी अंघोळ केलेलं पाणी लोकांना पाजू?"

"ती अंघोळ नाही, विधी आहे."

"मग तांब्याभर पाण्यात करा विधी."

आमच्यात शिंपडून भागत नाही, पूर्ण बुडवावं लागतं. हे सुनंदाला माहीत होतं. पण गल्लीतल्या बायकांना ती शब्द देऊन बसली होती, आणि शब्द पाळण्याच्या बाबतीत ती माझ्यापेक्षा बरी आहे. रूथने हळूच विचारलं, "पप्पा, आता कसं?" मी म्हणालो, "रविवारीच होणार."

शेजारचे तात्या उसाचे बागायतदार. त्यांची पिकअप मी मागितली आणि रविवारी उपासनेनंतर सगळी मंडळी तिच्यात बसवून भिगवणला, उजनी धरणाच्या पाण्याकडे निघालो. तात्या स्वतः गाडी चालवत होते.

"पाळकसाहेब, पाणी लई आत गेलंय म्हणत्यात. आदी बघून यायला पायजे हुतं."

"तात्या, विश्वास ठेवा."

"देवावर हाय की. तुमच्यावर जरा कमी हाय."

भिगवणला पोचल्यावर तात्यांचं म्हणणं पटलं. एरवी जिथं लाटा लागतात तिथं भेगाळलेली काळी जमीन पसरली होती, आणि पाणी पार लांब, आरशाच्या तुकड्यासारखं चमकत होतं. काठावर मारुती नावाचा मच्छीमार जाळं विणत बसला होता. माझा पांढरा झगा बघून तो उठलाच.

"हिकडनं जाऊ नका. वरनं वाळल्यालं दिसतंय, खाली गाळ हाय."

मी मंडळीकडे वळून म्हणालो, "आपला प्रभू पाण्यावर चालला. हा तर नुसता चिखल आहे."

"ते प्रभू होते," सुनंदा म्हणाली.

दहा-बारा पावलं मी झोकात गेलो. तेराव्याला चप्पल गेली. चौदाव्याला ती शोधायला मी वाकलो आणि गुडघ्यापर्यंत आत गेलो. पाय उपसायला जोर लावला, तर मांडीपर्यंत.

"फादर, हलू नका," मारुती ओरडला. "जितकं हलशीला तितकं खाली जाशीला."

(मी फादर नव्हे, पाळक आहे. पण मांडीपर्यंत रुतलेला माणूस पंथभेदावर वाद घालत नाही.)

काय करावं हे न सुचून मंडळीने गीत धरलं. तिसऱ्या कडव्याला माझ्या लक्षात आलं की हे आपण दफनविधीला म्हणतो.

रूथ पाण्यात उतरायच्या कपड्यांत काठावर उभी होती. ती तिथूनच म्हणाली, "पप्पा, राहू दे. मी पुढच्या वर्षी घेईन." ती असं हट्ट सोडून बोलली की मला फार लागतं. तिने इतक्या मनापासून मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती. मी म्हणालो, "पुढच्या वर्षी नाही. आजच. मला फक्त बाहेर काढा."

मारुतीने होडीतली फळी सरकवत आणली, मला तिच्यावर पोटावर आडवं व्हायला सांगितलं आणि काखेत दोर अडकवला. दुसऱ्या टोकाला तात्या आणि मंडळीतले सगळे पुरुष. उसाची मोळी ओढावी तसं त्यांनी मला ओढलं. काठावर उभा राहिलो तेव्हा माझे फक्त डोळे आणि दात पांढरे होते.

"जायचं कुठं हुतं तुमाला?" मारुतीने विचारलं.

"छातीभर पाण्यात. मुलीचा बाप्तिस्मा आहे."

"मग इचारायचं न्हाय का? आमच्या जुन्या गावचा रस्ता हाय पाण्याखाली. दगडी हाय, पाय रुतत न्हाय. माझा बा त्याच रस्त्यानं शाळंला जायचा. चला, होडीतनं सोडतो."

होडी जिथं काठाला लागलेली होती तिथं त्याने आम्हाला खडकाळ बाजूने नेलं. होडीतून त्या बुडालेल्या रस्त्यावर मी उतरलो, तर पायाखाली खरंच दगड लागले आणि अंगावरचा गाळ धुऊन निघाला. रूथ उतरली. मी तिचा हात धरला, शब्द उच्चारले आणि तिला पाण्यात बुडवून वर काढलं. ती हसत होती आणि रडतही होती. सुनंदा होडीतून पदराने डोळे पुसत होती. मारुतीने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती.

संध्याकाळी आभारप्रार्थनेत रूथला साक्ष द्यायला उभं केलं. बापाच्या विश्वासाविषयी ती दोन शब्द बोलेल म्हणून मी पुढच्या बाकावर चेहरा नम्र करून बसलो.

"आज बाप्तिस्मा माझा झाला," ती म्हणाली, "पण पाण्यात उतरण्याआधीचा आणि नंतरचा फरक पप्पांच्यातच जास्त दिसला."

सगळे हसले. मागच्या बाकावरून सुनंदा म्हणाली, "तोही झग्यापुरताच."